केजी, बार, पीएसआय, पास्कल: प्रेशरच्या एककांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठिबक आणि पाईपलाईनची कामं करतो, त्यामुळे आठवड्यातून दोनतीनदा तरी कुणीतरी गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरचा, फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "हे किती झालं? बरोबर आहे का?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. शेतातलं जास्त आहे कारण माझं काम तेच, पण गाडीची हवा, कुकर, बीपी, हवामानाच्या बातम्या हे पण घेतलंय, कारण दाब शेवटी सगळीकडे एकच, फक्त मोजायची मापं वेगळी.

"चार केजीचा पाईप" म्हणजे पाईपचं वजन चार किलो का?

नाही. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात पण लाजायचं काही कारण नाही, दुकानात सगळे "चार केजी, सहा केजी" असंच बोलतात, पूर्ण कुणी सांगतच नाही. पूर्ण शब्द आहे केजी प्रति चौरस सेंटीमीटर. म्हणजे पाईपच्या आतल्या भिंतीवर दर एक चौरस सेंटीमीटरला, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, चार किलो वजन ठेवल्यावर जेवढा जोर पडेल तेवढा जोर हा पाईप कायम सहन करू शकतो. पीव्हीसी पाईप अडीच, चार, सहा, आठ, दहा केजी असे मिळतात आणि पाईपवर छापलेलं असतं, काही पाईपांवर मेगापास्कलमध्ये छापतात, तिथं ०.४ दिसलं की चार केजी समजायचं आणि ०.६ दिसलं की सहा.

मग दाब म्हणजे नक्की काय? वजन आणि दाब यात फरक काय?

बाभळीचा काटा आठवा. तोच माणूस, तेच वजन, सपाट जमिनीवर उभा राहिला तर काही होत नाही आणि काट्यावर पाय पडला की काटा चपलेतून आरपार. वजन तेवढंच आहे, पण ते सगळं सुईच्या टोकाएवढ्या जागेवर आलं. जोर भागिले जागा, हा दाब. ६० किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा असला आणि तळव्यांची जागा ३०० चौरस सेंटीमीटर धरली तर दाब झाला ०.२ केजी. चिखलात फळी टाकून चालतो ते पण ह्याच कारणाने, जागा वाढवली की दाब कमी, पाय रुतत नाही.

सगळी एककं ह्याच एका भागाकारातून आलीत. जोर किलोत आणि जागा चौरस सेंटीमीटरमध्ये घेतली की केजी, जोर पौंडात आणि जागा चौरस इंचात घेतली की पीएसआय, जोर न्यूटनमध्ये आणि जागा चौरस मीटरमध्ये घेतली की पास्कल.

पटकन रूपांतर कसं करायचं? कॅल्क्युलेटर नसताना?

हे पाठच करून टाका, आयुष्यभर पुरेल:

१ बार = १.०२ केजी = १४.५ पीएसआय = १०० किलोपास्कल
१ केजी = ०.९८ बार = १४.२ पीएसआय = ९८ किलोपास्कल = १० मीटर पाणी
१ मेगापास्कल = १० बार = १०.२ केजी = १४५ पीएसआय

बार आणि केजीमध्ये फरक फक्त दोन टक्क्यांचा, शेतावर दोघांना एकच समजलं तरी काही बिघडत नाही, गेजची चूकच त्याच्यापेक्षा जास्त असते. पीएसआयवरून केजीवर यायचं असेल तर ०.०७ ने गुणा, ४० पीएसआय म्हणजे २.८ केजी. उलट जायचं तर १४ ने गुणा, ३ केजी म्हणजे ४२ (खरं उत्तर ४२.७, पण बांधावर उभं राहून एवढं चालतं). किलोपास्कल दिसलं की शंभराने भागा, बार मिळाला. एवढं जमलं की नव्वद टक्के काम झालं.

गेजवर दोन आकड्यांच्या पट्ट्या असतात, कुठली वाचायची?

ह्याच्यावर थोडं थांबून लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ठिबकच्या फिल्टरवर जे गेज येतं त्यावर बहुतेक वेळा एका पट्टीवर ० ते ७ आणि दुसऱ्या पट्टीवर ० ते १०० असं असतं. सातवाली केजी आणि शंभरवाली पीएसआय, काटा एकच. ७ गुणिले १४.२ केलं की ९९.४ येतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकच गोष्ट सांगतायत. कुठली पट्टी कशाची हे तबकडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी शोधायचं.

एका उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आमच्या गावातल्या एका काकांचा फोन आला, आवाज पार घाबरलेला, "अरे काटा पंधरावर गेलाय, पाईप फुटतोय आता, मोटर बंद करू का?" मी म्हटलं काका आधी फोटो पाठवा. फोटोत बघितलं तर काटा आतल्या पट्टीवर पंधराच्या जवळ आणि बाहेरच्या पट्टीवर बरोबर एकच्या थोडा पुढे. म्हणजे एक केजी. ठिबकला पाहिजे तेवढंच. काकांनी तोपर्यंत अर्धा व्हॉल्व्ह बंद करून टाकला होता आणि शेवटच्या ओळींना पाणी पोचतच नव्हतं. त्यात काकांची काय चूक, आकड्यासोबत एकक वाचायची सवय कुणी लावलेलीच नसते.

अजून एक, मोटर बंद करून लाईनमधलं पाणी उतरलं की काटा शून्यावर यायलाच पाहिजे. नाही आला तर गेज खराब झालंय, त्यावर विश्वास ठेवू नका, बदला.

मोटरच्या पाटीवर केजी नसतं, "हेड" मीटरमध्ये असतं, असं का?

कारण उभ्या पाण्याच्या तळाशी किती दाब येणार हे फक्त उंचीवर ठरतं. टाकी रुंद आहे का अरुंद, पाईप अडीच इंची आहे का चार इंची, काही फरक पडत नाही. १० मीटर उभं पाणी म्हणजे तळाशी १ केजी, फुटात सांगायचं तर ३३ फुटाला १ केजी. म्हणून पंपवाले सरळ उंचीच सांगतात, ४० मीटर हेड म्हणजे पंप ४ केजी दाब तयार करतो. बोअरवाल्यांना फुटाची सवय असते, त्यांच्यासाठी २.३१ फूट म्हणजे १ पीएसआय, ३०० फुटावरून पाणी ओढायचं असेल तर १३० पीएसआय, साधारण ९ केजी, आणि हे फक्त चढाचं, घर्षणाचं वेगळं.

मग माझ्या लाईनला चार केजीचा पाईप चालेल का सहाचा घ्यावा लागेल?

लांबी बघू नका, आधी चढ बघा. विहिरीपासून माळावरच्या टाकीपर्यंत पाईप हजार फूट असला तरी उभा चढ किती मीटरचा आहे ते महत्त्वाचं. लांबीमुळे घर्षण वाढतं, ते पण धरायचं, पण पहिला आकडा चढाचा.

मी काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट. चढ ४५ मीटरचा होता आणि दुकानदाराने चार केजीचा पाईप दिला, म्हणाला सगळे हाच नेतात. ४५ मीटर म्हणजे मोटर बंद असताना नुसतं पाणी लाईनमध्ये उभं राहिलं तरी तळाशी साडेचार केजी झाले, पाईपची लायकी चारची. पंधरा दिवस टिकला, सोळाव्या दिवशी लाईट गेली, मोटर एकदम थांबली, वर चढलेलं पाणी उलटं फिरून खाली येऊन आदळलं आणि विहिरीजवळचा पाईप सुतळी बॉम्बसारखा आवाज करून उभा चिरला. हात दीड हात लांब चीर, अगदी सरळ रेषेत. पाईप दाबाने फाटतो तेव्हा असाच उभा फाटतो कारण त्याच्या घेरावर येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो. आणि फाटला कुठे तर सगळ्यात खाली, कारण दाब तिथेच सगळ्यात जास्त.

तेव्हापासून मी असं करतो: चढाचे केजी काढायचे, त्यात घर्षण मिळवायचं, लाईट गेल्यावर बसणाऱ्या पाण्याच्या माराला वर अजून जागा ठेवायची आणि मग पाईप निवडायचा. पैसे वाचवायचे असतील तर खालचा टप्पा सहा किंवा आठ केजीचा आणि वरचा टप्पा चारचा टाकला तरी चालतं, वर गेल्यावर दाब आपोआप कमी होतो. पण एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारे व्हॉल्व्ह) कुठे आणि किती बसवायचे ते जाणकाराला जागा दाखवून ठरवा.

ठिबकला नेमका किती दाब पाहिजे?

साध्या ड्रीपरचा (झाडापाशी थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोटीचा) जो आकडा पाकिटावर असतो, ताशी ४ लिटर वगैरे, तो साधारण १ केजीला असतो. दाब अर्धा झाला तर पाणी अर्धं होत नाही, वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतं, म्हणजे अर्ध्या केजीला ४ च्या जागी २.८ लिटरच्या आसपास. त्यामुळे शेताच्या सुरुवातीला दीड केजी आणि शेवटाला अर्धा असेल तर सुरुवातीच्या झाडांना शेवटच्यांपेक्षा पावणेदोन पट पाणी चाललंय आणि आपण म्हणत बसतो की तिकडची जमीनच हलकी आहे. शेवटच्या लॅटरलला, म्हणजे ड्रीपरवाल्या बारीक नळीला, गेज लावून बघा, खरं कळेल.

फिल्टरच्या आधी एक गेज आणि नंतर एक गेज असतं, त्या दोघांतला फरक बघायचा. फरक अर्ध्या केजीच्या वर गेला की फिल्टर चोंदलाय, बॅकवॉश मारा, म्हणजे पाणी उलटं सोडून तो धुवा. इथे नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही, वजाबाकीला आहे.

विहिरीच्या काठावरची मोटर खोलवरचं पाणी का ओढत नाही? एचपी वाढवला तर ओढेल का?

नाही ओढणार, कितीही एचपी लावा. मोटर पाणी "ओढते" असं आपण म्हणतो पण खरं तर ती फक्त सक्शन पाईपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०३३ केजी, म्हणजे १०.३ मीटर पाण्याएवढा. त्याच्या वर पाणी ढकलायला हवेत जोरच नाही. प्रत्यक्षात फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाईपच्या तळाचा व्हॉल्व्ह), घर्षण, गळती धरून सहासात मीटरच्या पुढे भरवसा नाही. म्हणून पाणी खाली गेलं की मोटर खाली उतरवावी लागते नाहीतर सबमर्सिबल.

इटलीत टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास हेच पाऱ्यावर करून दाखवलं. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणून १०.३ मीटरच्या ऐवजी ७६० मिलिमीटरच उभा राहिला. पुढे १६४८ मध्ये फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेव्हणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यू द डोम डोंगरावर चढला आणि वर पारा खाली उतरलेला दिसला, म्हणजे उंचावर हवेचा दाब कमी हे सिद्ध झालं. त्या पास्कलचं नाव १९७१ साली एककाला दिलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण विहिरीवरच्या मोटरचा प्रश्न आणि डोंगरावरचा प्रयोग एकच आहे. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, हवेचा दाब ८६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तिथे तीच १०.३ मीटरची मर्यादा पावणेनऊ मीटरवर येते.

गेज प्रेशर आणि ॲब्सोल्युट प्रेशर हे काय प्रकरण आहे?

गेजवरचं शून्य म्हणजे "बाहेरच्या हवेएवढा दाब". पंक्चर टायरमध्ये गेज शून्य दाखवतं पण आत हवा आहेच, एका वातावरणाच्या दाबाची. ॲब्सोल्युट म्हणजे अगदी निर्वातापासून मोजलेलं, गेजमध्ये साधारण १.०३ केजी मिळवले की झालं. पाईप, टायर, कुकर सगळीकडे गेजच चालतं. पण वाफेचं कोष्टक बघायचं असेल किंवा तापमानाने दाब किती वाढेल हे काढायचं असेल तर ॲब्सोल्युटच घ्यावं लागतं, नाहीतर उत्तर चुकतं.

साखर कारखान्यातल्या मित्रांना हे चांगलं माहितीये. बॉयलर ४५, ६७, ८७ केजीचे असतात, तिथे एक मिळवला काय न मिळवला काय, फार फरक नाही. पण कमी दाबाच्या वाफेला पडतो, ७ बार गेजची वाफ १७० अंशाची आणि ७ बार ॲब्सोल्युटची १६५ अंशाची. आणि पॅनवर, म्हणजे रस उकळून साखर करतात त्या बंद भांड्यावर, तर सगळं उलटं, तिथे व्हॅक्युम मोजतात. गेज २५ इंच व्हॅक्युम दाखवतंय म्हणजे ६३५ मिलिमीटर पारा कमी केलाय, ७६० मधून वजा केले की आत उरला १२५ मिलिमीटर. एवढ्या दाबाला साधं पाणी ५६ अंशालाच उकळतं (रस घट्ट असल्यामुळे थोडं वर), म्हणून साखर न करपता दाणा धरते.

गाडीत हवा किती? पंपावर आकडा बार मध्ये आहे आणि स्टिकरवर पीएसआय.

३२ पीएसआय = २.२ बार = २२० किलोपास्कल. मशीनवर एकक बदलायचं बटण असेल तर पीएसआय करून घ्या, नसेल तर पीएसआयला साडेचौदाने भागा. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. ३० अंशाला ३२ भरलेली असली आणि हायवेवर टायर ६० अंशापर्यंत तापला तर साडेछत्तीस दाखवेल, ती जास्तीची समजून काढून टाकू नका, थंड झाल्यावर कमी पडते. (हा हिशोब ॲब्सोल्युटने केलाय: ३२ अधिक १४.७, गुणिले ३३३ भागिले ३०३, मग १४.७ वजा.)

कुकरची शिट्टी कशी ठरवते की किती दाब झाला?

हेच मला सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं कारण सगळा भागाकार डोळ्यासमोर घडतो. शिट्टी म्हणजे एक वजन आणि त्याच्याखाली एक बारीक भोक. समजा शिट्टी ८० ग्रॅमची आणि भोक ३ मिलिमीटरचं. भोकाची जागा ०.०७ चौरस सेंटीमीटर. ०.०८ किलो भागिले ०.०७, साधारण १.१ केजी. एवढा दाब झाला की वाफ वजन उचलते. घरच्या कुकरात साधारण १ केजीच असतं, म्हणजे १५ पीएसआयच्या जवळ, आणि पाणी १२० अंशाच्या आसपास उकळतं म्हणून डाळ लवकर शिजते. दुसऱ्या कंपनीची शिट्टी लावू नका हे आई सांगायची त्याच्यामागे हा हिशोब आहे, वजन किंवा भोक बदललं की दाब बदलला.

बीपी १२०/८०, हे कशाचं?

मिलिमीटर पाऱ्याचं. १२० म्हणजे १६ किलोपास्कल, ०.१६ केजी. पाण्यात मोजलं असतं तर १.६३ मीटर उंच नळी लागली असती, म्हणजे जवळपास माणसाएवढी, म्हणून पारा वापरला. आता डिजिटल मशीनमध्ये पारा नसतो पण एकक तेच राहिलं.

हवामानाच्या बातम्यांत हेक्टोपास्कल म्हणतात आणि जुने लोक मिलिबार, रूपांतर काय?

काहीच नाही, आकडा तोच. १ हेक्टोपास्कल = १ मिलिबार. समुद्रसपाटीला सरासरी १०१३. कोकणातल्या लोकांना हे निसर्ग वादळाच्या वेळी, जून २०२० मध्ये, चांगलं पाठ झालं असेल, मधला दाब जेवढा खाली तेवढं वादळ जोरदार.

गॅस सिलेंडरच्या रेग्युलेटरमधून किती दाब येतो?

घरगुती रेग्युलेटरमधून शेगडीला साधारण ३० मिलिबार, म्हणजे ०.०३ केजी, फक्त ३०० मिलिमीटर पाण्याएवढा. सिलेंडरच्या आत मात्र कित्येक केजी असतो आणि तो उन्हाने वाढतो. म्हणून सिलेंडर उन्हात ठेवायचा नाही आणि रेग्युलेटर स्वतः उघडून दुरुस्त करायचा नाही.

वरच्या मजल्यावर शॉवरला पाणी बारीक येतं, मोठा पाईप टाकू का?

टाकीतलं पाणी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ केजी, विषय संपला, पाईप केवढाही टाका. जाड पाईपने घर्षण कमी होईल म्हणजे दोन नळ एकदम सुरू केल्यावर फरक जाणवेल, पण ०.३ च्या वर जाणार नाही. टाकी उंच करा नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा. वॉशिंग मशीन घेताना पण किमान किती बार पाहिजे ते पुस्तिकेत बघा आणि टाकीची उंची मीटरमध्ये मोजून दहाने भागा, लगेच कळतं चालेल का नाही.

एम २० काँक्रीट मधला २० म्हणजे दाबच का?

एकक तेच आहे, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि ते म्हणजेच मेगापास्कल. २० म्हणजे साधारण २०४ केजी. पंधरा सेंटीमीटरचा क्यूब २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबला तर जवळपास ४६ टन वजन घ्यायला पाहिजे. गवंडीकाका हे आकडे बघून डोळे मोठे करतात पण हिशोब साधा आहे, २२५ चौरस सेंटीमीटर गुणिले २०४.

फवारणीच्या पंपावर ३०० लिहिलंय, हे तर खूपच झालं ना?

पीएसआय असणार. ३०० गुणिले ०.०७ म्हणजे २१ केजी, एचटीपीला (मोटर किंवा इंजिनवर चालणाऱ्या फवारणी पंपाला) एवढा दाब नेहमीचा आहे. पण होज, म्हणजे फवारणीची नळी, त्याच्या लायकीची आहे का ते होजवर छापलेलं वाचा, आणि तिथेही आधी एकक बघा मग आकडा. होजवर बार लिहिलेलं असेल तर ३०० पीएसआय म्हणजे २०.७ बार, आणि होज त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी जास्तीची पाहिजे.